सातवं बटण

पिल्लू दिसेल ते तोंडात घालायचं, आणि शिवणकाम करणाऱ्या काकू दिवसभर त्याच्या जबड्यात बोटं घालून दोरे नि चिंध्या काढत बसायच्या.

सोमवारी त्याच्या तोंडातून तपकिरी बटण निघालं. दोऱ्याला काकूंचीच दुहेरी गाठ होती. असली सात बटणं त्यांनी एकाच शर्टाला लावली होती, आणि तो शर्ट काकांच्या अंगात घालूनच त्यांना शेवटचा निरोप दिला होता.

मग रोज एक निघत गेलं. आज सातवं.

"सोड बघू, शहाण्या," काकूंनी हात पुढे केला.

पिल्लू त्यांना चुकवून मागच्या रिकाम्या खुर्चीपाशी गेलं. वर बघत शेपूट हलवली आणि शहाण्यासारखं तोंड उघडलं.

बटण खाली पडल्याचा आवाज आलाच नाही.