चाळिसावी खेप

पलीकडे एक रिंग वाजली आणि हेर्मिनेनं फोन ठेवून दिला. सकाळपासून चौथ्यांदा.

स्वयंपाकघरात तिचा नवरा ओट्टोकार स्कीला मेण लावत होता. टेबलावर दोन जोड्या पालथ्या पसरलेल्या, आणि त्यांच्यावरून जुनी इस्त्री फिरत होती. नोव्हेंबर लागला की हे सुरू व्हायचं. मग फेब्रुवारीतला तोच आठवडा, तोच नोटबुर्गाचा लॉज, तीच चार नंबरची खोली. हिंटरआल्म या डोंगरातल्या गावात एक उतार होता, वर नेणारी एक उघड्या खुर्च्यांची लिफ्ट होती आणि चर्चमागे एक बेकरी होती, जी बंद होती. एकोणचाळीस वर्षं दोघं न चुकता तिथं जात होते.

"झाला का फोन?" त्यानं आतून विचारलं.

"लागत नाहीये."

नेमानं येणाऱ्या पाहुण्यांचा त्या गावात सत्कार होई. दहाव्या वर्षी पितळेचा बिल्ला, पंचविसाव्या वर्षी चांदीचा. चाळिसाव्या वर्षी सोन्याचा बिल्ला, गावचा बँड आणि उतारासमोर एक बाक, त्यावर पाहुण्यांची नावं कोरलेली. असे सहा बाक हेर्मिनेनं पाहिले होते. सहाही बाकांवरची माणसं मरेपर्यंत दर वर्षी येऊन त्यांच्यावर बसली होती. नावाचा बाक असताना यायचं नाही, हे कुणाला जमलंच नव्हतं.

म्हणजे यंदा सुटलो तर सुटलो.

तिला बर्फ आवडत नव्हता. थंडी आवडत नव्हती. नोटबुर्गाचं सूपही आवडत नव्हतं. तिला एकदा समुद्र बघायचा होता. पण ओट्टोकारचा जीव त्या डोंगरात. लिफ्टमध्ये तो डोळे मिटून बसायचा, चर्चमध्ये बसावं तसा, ओठ हलवत. अशा माणसाला काय सांगणार? म्हणून तिनं बेत केला होता की नोटबुर्गालाच गाठायचं आणि तिच्याकडूनच परस्पर नकार वदवून घ्यायचा.

पाचव्या वेळी नोटबुर्गानं पहिल्या रिंगलाच फोन उचलला.

"बोल हेर्मिने. चारदा वाजून गप्प झाला. म्हटलं एक तर तू, नाहीतर फोन बिघडला."

हेर्मिनेनं आवाज खाली आणला. "एक काम कर ना. ओट्टोकारला कळव, फेब्रुवारीत खोली नाही म्हणून."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"तू पण?" नोटबुर्गा म्हणाली.

"मी पण म्हणजे?"

"अगं, तुझा नवरा दर नोव्हेंबरात मला हेच सांगतो. आधी ट्रामच्या डेपोतून फोन करायचा, रिटायर झाल्यापासून पोस्टातून करतो. 'हेर्मिनेला सांग, खोली भरलीय.' उंचीची भीती वाटते त्याला. लिफ्टमध्ये डोळे उघडत नाही, बघितलं नाहीस?"

"मग सांगितलं का नाहीस कधी?"

"सहातल्या पाच खोल्या रिकाम्या असताना? मला रविवारी पाद्र्यासमोर बसायचं असतं बाई, खोटं कसं बोलू?" तिनं श्वास घेतला. "आणि आता फार उशीर झालाय. बँडची तालीम सुरू आहे. सरपंचानं बाकाला दोनदा रंधा मारलाय. येणार नसाल तर कारण द्यावं लागेल, आणि ते त्याला पटावं लागेल. नाहीतर बाक आणि बँड घेऊन तो तुमच्या घरी लिंझला येईल. एकदा असा म्युनिकला गेला होता. आजवर एकाच माणसाचं कारण त्यानं मान्य केलंय."

"काय होतं?"

"मेला होता."

फोन हातात तसाच धरून हेर्मिने स्वयंपाकघरात गेली.

"इस्त्री बंद कर," ती म्हणाली. "तुला उंचीची भीती वाटते?"

ओट्टोकारनं इस्त्री उभी केली. तिच्या हातातल्या फोनकडे पाहिलं.

"नोटबुर्गा बोलली वाटतं."

"कधीपासून?"

"पहिल्या खेपेपासून."

"अरे, मग मला कशाला नेत होतास दर वर्षी?"

तो नखानं मेणाचा एक थेंब खरवडत बसला. थेंब निघाला तरी खरवडत राहिला.

"तुझ्यासाठी," तो म्हणाला. "पहिल्या वर्षी वर पोचलो आणि तू रडलीस. लग्नात रडली नव्हतीस. तुझी आई गेली तेव्हाही नाहीस. तिथं मात्र समोरच्या शिखरांकडे बघत घळाघळा रडलीस. मी म्हटलं, हिला एवढं भिडलंय, तर दर वर्षी आणायचं. माझं काय, मी डोळे मिटून घेईन."

हेर्मिने खुर्चीत बसली.

"भाड्याचे बूट होते ते, ओट्टोकार," ती म्हणाली. "दोन नंबरनं लहान."

मग फोनमधून पेन्सिल कागदावर खरखरल्याचा आवाज आला.

"हे चालेल," नोटबुर्गा म्हणाली. "सरपंचाला पायाचा त्रास आहे, त्याला पटेल. डावा लहान होता की उजवा?"

"दोन्ही," हेर्मिने म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

ओट्टोकार घाईघाईनं खाली वाकला आणि त्यानं आधी तिच्या पायांकडे पाहिलं. घरातल्या सपाता होत्या. तिच्याच मापाच्या.