कोपऱ्यातले सहा टेकू

भामाबाई मलकापूरच्या साइटवर पोचल्या तेव्हा त्यांची लेक अक्षता फाटकापाशी उभी राहून काँक्रीटच्या गाडीचा कागद वाचत होती. डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायात गमबूट. भामाबाईंना तिच्याकडे बघवेना. पंचवीस वर्षं त्यांनी डोक्यावर घमेली वाहिली, ती या पोरीला पंख्याखाली बसवायला. आणि पोरगी सांगलीच्या ऑफिसातली आठ वर्षांची खुर्ची सोडून, साइटची इंजिनीयर होऊन पुन्हा सिमेंटातच येऊन उभी राहिली होती.

"सांगलीच्या सायबांचा फोन आलता," त्या म्हणाल्या. "तुजी जागा अजून कुनाला दिली न्हाई. आज दुपारी बारापतूर सांगा म्हनत्यात."

"आई, आज माझा पहिला स्लॅब हाय."

"ठावं हाय. म्हनून तर सोता आले."

एवढ्यात ठेकेदाराचा माणूस इंद्रजित आला. त्याच्या एका हातात नारळ होता, दुसऱ्यात स्लॅब ओतायच्या परवानगीचा कागद. "मॅडम, सही करा. नारळ फोडतो आन् सुरू करू. माल गाडीत फिरतोय."

कागदावर तपासणीच्या चौदा ओळी होत्या आणि चौदाही ओळींपुढं बरोबरची खूण. खुणा अक्षताच्याच होत्या, काल संध्याकाळी पाच वाजता सगळं फिरून बघून केलेल्या. ऑफिसात काल बरोबर असलेली ओळ आज चूक होत नाही. आठ वर्षांची सवय ती, हेल्मेट घातल्यानं थोडीच जाते. तिनं खिशातून पेन काढलं.

भामाबाई तोवर सावली बघून स्लॅबच्या खाली शिरल्या होत्या. वरच्या फळ्या तोलून धरणारे लोखंडी टेकू तिथं रांगेनं उभे होते. त्यांनी विटेचा एक तुकडा उचलला आणि चालता चालता एकेका टेकूवर मारत निघाल्या. जुने मुकादम स्लॅबआधी बायकांना हे काम लावायचे. भार घेतलेला टेकू टणटणतो, नुसता उभा असलेला मुका राहतो. आज त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. हाताला वळण होतं, एवढंच.

मागच्या कोपऱ्यात टेकू मुके झाले. एक, दोन, सहा. खाली माती ओली होती आणि टेकूंखालच्या फळ्या चिखलात रुतल्या होत्या.

भामाबाई तिथंच थांबल्या. लेकीनं हे काम सोडावं असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि त्यासाठी आता फक्त गप्प राहिलं तरी पुरे होतं. स्लॅब खचला असता आणि लेकीची इथली नोकरी गेली असती. वर माणसांच्या पावलांचा आवाज येत होता. त्यात बायकाही होत्या, त्यांच्या जोडव्यांचा आवाज त्यांना ओळखू आला. आपल्या मनात काय येऊन गेलं, याची त्यांना लाज वाटली.

"अक्षे," त्यांनी हाक मारली. "पेन ठिव. आदी हिकडं ये."

अक्षता आली. तिच्यामागं फळ्या-टेकू लावणारे सेंट्रिंगचे म्हातारे मिस्त्री चांदसाहेब आले. त्यांनी टेकूला हात लावला, तो हलला. शेजारच्या भिंतीला पाणी मारायची नळी रात्रभर चालू राहिली होती.

"काल सांजच्याला कोरडं हुतं, मॅडम," चांदसाहेबांनी कानाच्या पाळीला हात लावला. "मी सोता पाचर मारली."

"मी पण काल बघितलं होतं, चाचा. आज न्हाई बघितलं."

इंद्रजित वाकून आत डोकावला. "सहाच हायत. बाकीचे धरतील की. आपन वतायला घेऊ, तवर मिस्त्री खालनं पाचरा मारतील."

"माल वर पडत असताना खाली कुणी जायचं न्हाई," अक्षता म्हणाली. "वरची माणसं उतरवा. गाडी परत पाठवा."

"मॅडम, परत गेलेला माल फेकायलाच जातो. ठेकेदार सायबांना काय सांगू? तुमाला अजून तीन म्हैनं बी झालं न्हाईत."

"अक्षतानं पाठवली म्हणून सांगा."

इंद्रजितनं नारळ वाळूच्या ढिगावर ठेवला आणि फोन लावत बाजूला गेला. गाडी मागं सरत फाटकाबाहेर गेली, हायवेला लागली. अक्षताचा चेहरा पांढरा पडला होता. याहून बारक्या गोष्टीवरून माणसांना 'उद्यापासून येऊ नका' म्हणून काढून टाकलेलं भामाबाईंनी बघितलं होतं.

अक्षतानं आपला फोन आईच्या हातात दिला आणि फावडं घेतलं. चिखल काढला, खाली कोरडा मुरूम ठोकला. चांदसाहेबांनी रुंद फळ्या आणल्या. एकेक टेकू पुन्हा उभा राहू लागला.

बाराला दहा कमी असताना फोन वाजला. भामाबाईंनी तो तिच्या डोळ्यांसमोर धरला. पडद्यावर सांगलीच्या साहेबांचं नाव होतं. अक्षतानं दोन्ही हातांनी टेकू धरून ठेवला होता आणि चांदसाहेब पाचर ठोकत होते.

"घे तू," ती म्हणाली. "तुला जे सांगायचं ते सांग."

फोन वाजत राहिला. भामाबाईंनी लेकीकडं बघितलं. ती गुडघ्यापर्यंत चिखलानं माखली होती आणि तिची नजर पाचरेवरून हलत नव्हती. भामाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला, साइटवर इंजिनीयर आला की करायच्या तसा, आणि फोन कानाला लावला.

"म्याडम कामात हायती," त्या म्हणाल्या.

कधी मोकळ्या होतील, असं पलीकडून विचारलं गेलं.

"आवं, स्लॅब झाल्यावर." त्या जरा थांबल्या. "आन् मंग वरचा मजला हाय."