वरची खोली

चिमणी जिन्यापाशीच अडली. तिच्यामागे बाकीची पोरंही थांबली.

"मला नाही जायचं वर," ती म्हणाली आणि तिनं मावशीची बाही घट्ट धरली.

चर्चच्या तळमजल्यावर कुमार गट भरायचा, वरच्या मजल्यावर तरुण संघ. आठवी संपली की पोरांनी वर जायचं. ती बुजू नयेत म्हणून कुमार गटाची मावशी सुरुवातीचे काही रविवार स्वतः त्यांना वर नेऊन बसवायची. दरवर्षी पोरं उड्या मारत जिना चढायची आणि मावशी खाली येऊन एकटीच डोळे पुसायची. यंदाची तुकडी तर तिच्या जिवाचा तुकडा. आणि नेमकी तीच हटून बसली होती.

तरुण संघाचा दादा वरच्या कठड्यावरून वाकला. "या रे, या! बिस्किटं मऊ पडायला लागली!"

एकही पोर हसलं नाही. मावशीच्या मनात पाल चुकचुकली.

तिनं चिमणीला बाजूला घेतलं. "वर काही झालं का गं?"

चिमणी गप्प.

"दादा काही बोलला? ओरडला?"

चिमणीनं एकदा मागच्या पोरांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. याच पोरांना तिनं वर्गात बजावलं होतं, कुणाची भीती वाटली आणि बोलता आलं नाही, तरी घाबरायचं नाही, तुमच्या मावशीला कळतं.

कळायलाच हवं होतं. चष्म्याच्या दुकानात ती दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायची. आपल्या नजरेतून काही सुटत नाही, असं ती दहा जणांना ऐकवायची. मग इतकी वर्षं हा माणूस कसा सुटला? साळसूद चेहरा, कधी आवाज चढवायचा नाही, शाळेची बस चालवायचा. त्याच्याबद्दल कुणी वाकडा शब्द काढला नव्हता. आता तिला तेच खटकायला लागलं.

पुढच्या रविवारी ती पावलं न वाजवता वर गेली. दार लोटलेलं, पडदे ओढलेले. आत नववी-दहावीची पोरं आणि दादा. ती शिरताच तो दचकला.

"पडदे कशाला?" तिनं विचारलं.

"भिंतीवर चित्रं दाखवतोय. उन्हात दिसत नाहीत हो."

उत्तर अगदी तयार होतं. कुठेतरी पाणी मुरतंय, मावशीनं मनाशी म्हटलं.

ती खाली उतरताना दादा मागोमाग जिन्यात आला. "मावशी, तुमची पोरं माझ्याकडे का येत नाहीत? खेळ बदलले, नवी गाणी बसवली. काही केल्या जमत नाही. माझं काही चुकतंय का?"

"ते तुमचं तुम्हाला ठाऊक," मावशी म्हणाली.

तो कठडा धरून तिथेच उभा राहिला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! असं म्हणत ती तडक पाळकसाहेबांकडे गेली.

"कोणत्या पोरानं काही सांगितलं का?" साहेबांनी विचारलं.

"नाही ना! म्हणून तर जीव टांगणीला लागलाय. त्याचं नाव काढलं की माना खाली जातात."

"ताई, तो शाळेची बस चालवतो. ही गोष्ट बाहेर फुटली तर त्याच्या पोटावर पाय येईल. तुमची खात्री आहे?"

"माझी पोरं मी ओळखते, साहेब. उद्या काही भलतंसलतं झालं तर तुम्ही उत्तर द्याल?"

साहेबांनी पोरांना बोलावलं. गोडीनं विचारलं, एकेकाला वेगळं बसवून विचारलं. पोरं बुटांची टोकं बघत राहिली. शेवटी साहेबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि दादाला निरोप धाडला.

त्यानं वाद घातला नाही. खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. "मी काय केलं, एवढं तरी सांगा," म्हणाला. साहेबांना ते सांगता येईना. गोष्ट फुटायची ती फुटलीच. त्याच आठवड्यात शाळेच्या बसवर दुसरा माणूस दिसला. दादाची बायको बाजारात मावशीच्या समोर आली आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेली.

मावशीला वाईट वाटलं. खोटं कशाला बोला, त्या रात्री घास गिळवेना. पण पोरं वाचली, असं तिनं मनाला बजावलं आणि ताटावरून उठली.

"दुसरं कुणी मिळेपर्यंत तरुण संघ तुम्हीच सांभाळा," साहेब म्हणाले. "पोरांचा विश्वास तुमच्यावर आहे."

रविवारी मावशी जिना चढायच्या आधीच पोरं धडधडत वर पोचली. कुणी खुर्च्या मांडतंय, कुणी पडदे सारतंय, नुसता कल्ला. मावशीचा जीव भांड्यात पडला. किती दिवसांनी ही पोरं अशी खिदळत होती!

तिनं चिमणीला जवळ ओढलं, केसांवरून हात फिरवला. "आता भ्यायचं कारण नाही, बाळा. दादा परत येणार नाही. आता तरी सांग, काय केलं होतं त्यानं?"

"दादानं?" चिमणी लाडात येऊन तिला बिलगली. "काहीच नाही. त्या दिवशी तूच त्याचं विचारायला लागलीस ना, तेव्हा आम्हाला सुचलं. आपण नुसतं गप्प बसलो की तू आमच्याबरोबर कायमची वर येशील."