आठ फुटांचा पलंग

सुताराची बायको नेहमीसारखी घरातून मागच्या दाराने आली नाही. चपला घालून, पर्स घेऊन, रस्त्यावरून वळसा मारून ती गिऱ्हाइकांच्या दाराने कारखान्यात शिरली आणि त्याच्यासमोरच्या स्टुलावर बसली.

"मिस्त्री, पलंग करून हवाय. गादी-उशीसकट. खर्चाचा अंदाज द्या."

सुताराचा रंधा थांबला. एकोणीस वर्षं हीच बाई हाच पलंग स्वयंपाकघरातून मागत होती आणि एकोणीस वर्षं तो "बघू" म्हणत होता. अर्ध्या शहराला त्याने पलंगावर झोपवलं होतं, स्वतः मात्र जमिनीवर सतरंजी टाकून झोपायचा. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! पण दुकानात येऊन बसलेल्या गिऱ्हाइकाला "बघू" कसं म्हणणार? त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि कागदावरचा भुसा झटकला.

"माप?"

"लांबी साडेसहा. रुंदी आठ."

"आठ? बाई, पलंग हवाय की अंगण?"

"माप मी सांगायचं, लाकूड तुम्ही कापायचं."

"अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात."

"म्हणून तर अंथरूण मोठं करायला आलेय."

दाराशी सुताराची आई बसली होती. जुन्या फळ्यांतून निघालेले वाकडे खिळे लोखंडी ठोकळ्यावर ठेवून ती हातोडीने सरळ करत होती. टक, टक, टक. हे तिचं रोज दुपारचं काम. चांगली वस्तू वाया गेलेली तिला बघवत नसे. सुतारही "लागतात गं, लागतात" म्हणत तिच्याकडून ते खिळे घ्यायचा आणि बाकाखालच्या डब्यात ओतून ठेवायचा. सरळ केलेला खिळा दुसऱ्यांदा ठोकला की बरोबर तिथेच वाकतो, हे आईला सांगायचा धीर त्याला कधी झाला नव्हता.

सुतार लिहू लागला. सागाची चौकट, प्लाय, पॉलिश, खिळे, गादी, चादरी. बायको एकेका आकड्यावर बोट ठेवत गेली. खालचे कप्पे तिने कापले. पॉलिशचा एक हात कमी केला. मग उशाकडच्या नक्षीवर बोट आलं. ही नक्षी म्हणजे सुताराचा जीव की प्राण.

"ही काढा."

"अगं, नक्षीसाठी लोक लांबून येतात माझ्याकडे!"

"डोळे मिटल्यावर नक्षी कोण बघतं?"

नक्षी गेली. सुताराने मोठा उसासा टाकला आणि गादीवर आला.

"एवढी सलग गादी तयार मिळत नाही. मुद्दाम करून घ्यावी लागेल, दाम दुप्पट. त्यापेक्षा दोन गाद्या शेजारी शेजारी टाकू. निम्म्यात काम होईल."

"मध्ये फट नको."

"दोघांत फटीचं काय एवढं?"

"उश्या तीन लिहा," बायको म्हणाली.

सुताराने मान वर केली. बायकोने स्टूल पुढे ओढलं. आता ती गिऱ्हाईक राहिली नव्हती.

"अहो, आई सहा महिने धड आडव्या झालेल्या नाहीत. मी पहाटे उठते तेव्हा भिंतीला टेकून बसलेल्याच असतात. मामंजी गेल्यापासून एकटीने झोपायची भीती वाटते त्यांना. विचारलं की म्हणतात, म्हातारपणी झोप कमीच लागते. सोबतीला येते म्हटलं, तर दोन दिवस बोलल्या नाहीत."

सुताराला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पाठ टेकली की घोरणारा माणूस तो. त्याला स्वतःची लाज वाटली.

"मग पलंगावर तरी कशी येईल ती?" त्याने हळूच विचारलं.

"माप चुकलं म्हणेन. तुमच्या लेकाने नको तेवढा मोठा करून ठेवलाय, एवढी जागा वाया जातेय म्हणेन. मग बघा कशा येतात त्या. आई भिंतीकडे, मध्ये मी, कडेला तुम्ही."

"आणि मी पडलो तर?"

"पडलात तर पडलात. जमिनीची सवय आहेच."

सुतार हसला, पण डोळे भरून आले होते. त्याने तीन उश्या लिहिल्या. गादीपुढे 'सलग' असं लिहिलं आणि खाली एक रेघ ओढली.

टकटक केव्हा थांबली होती, दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. आई बाकाशी येऊन उभी होती. तिने बाकाखालचा खिळ्यांचा डबा उचलून नेमका त्या कागदावर ठेवला. डबा काठोकाठ भरला होता.

"यात खिळ्यांचे किती लावलेस?"

सुताराने आकडा दाखवला.

"खोड. हे असताना विकत कशाला?"

सुताराने डब्यातला एक खिळा उचलून बोटांत फिरवला. मधोमध वाक आल्याची खूण स्पष्ट दिसत होती. आजवर कुणाच्याही पलंगाला त्याने असला खिळा लावला नव्हता. त्याने पेन्सिल घेतली आणि खिळ्यांचा आकडा खोडला.

आई वळली. दारापर्यंत गेली, ठोकळ्याशी खाली बसली, हातोडी उचलली.

"आणि सूनबाई, मला भिंतीकडे नको," ती म्हणाली. "पहाटे उठून तुम्हा दोघांना ओलांडत बसू का? भिंतीकडे याला टाक. लहानपणी रोज खाटेवरून पडायचा."