बुटक्यांची फौज
मंठ्यातल्या बियाण्यांच्या दुकानात कॉम्प्युटर आला तो बिलांसाठी, पण शटर अर्धं ओढलं की त्यावर दोघा भावांची लढाई जुंपायची. खेळात फौजा दोनच, ड्रॅगनवाल्यांची आणि बुटक्यांची. भागवतदादा माऊस आधी अंकुशकडे सरकवायचा.

"उचल. वाटा आधी धाकट्यानं उचलायचा, रीतच हाय."

अंकुश दर वेळी ड्रॅगन घ्यायचा आणि वर चिडवायचा, "दादा, माझ्या ड्रॅगनपुढं तुझे बुटके म्हंजी चिलटं. ना उडता येतं, ना पळता."

"असू दे. गढी मजबूत असती त्यांची. मला बुटकेच आवडतात," असं म्हणून दादा हसत हसत हरायचा.

पुढे आबा गेले, जावाजावांचं पटेना, आणि वाटणीसाठी पंच बसले. एका वाट्यात दुकान होतं, दुसऱ्यात खडकाळ माळ. आबा अंथरुणाला खिळल्यापासून दुकान दादानेच उभं ठेवलं होतं. तरी रीतीप्रमाणे पंचांनी आधी अंकुशला विचारलं.

"दुकान," अंकुश म्हणाला.

दादाने जुडग्यातून दुकानाची किल्ली सोडवली आणि त्याच्यापुढे ठेवली. ती उचलताना अंकुशला राहवलं नाही.

"दादा, माळ बी काही वाईट न्हाई. हीर पाडली तर जमीन बराबर सुधरंल."

चपला घालता घालता दादा थांबला.

"अंकुश," तो म्हणाला, "मला बुटके कधीच आवडले न्हाईत."