पाठीवरचा पोपट

चौऱ्याण्णव सालची लखनौची थंडी. मधुमेहामुळे डॉक्टरांनी माधवरावांचं गोड बंद केलं, तेव्हाच पद्मिनीने त्यांच्या नव्या राखाडी स्वेटरच्या पाठीवर भलामोठा हिरवा पोपट भरला.

"अगं, बँकेत हसतील मला!"

"बँकेत नकाच घालू. सकाळी फिरायला जाताना घाला."

बायकोच्या मेहनतीचा मान राखून माधवराव तो घालून फिरायला गेले. ते परतायच्या आतच शेजारच्या सक्सेना भाभी हसत दारात हजर झाल्या.

"भाभीजी, आपका तोता चौराहे पर जलेबी खा रहा है!"

पद्मिनी गालातल्या गालात हसली. भाभींनी मात्र इकडेतिकडे बघून शालीखालून नवऱ्याचा स्वेटर काढला.



"इनकी पीठ पर मोर बना दीजिए. बड़ा-सा."