शेवटच्या कडव्यातलं नाव

"महाराज, त्या बायकांनी तुमचं नाव गाळलंय!" मठातला लेखनिक लुडोल्फ चिडून म्हणाला.

जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या त्या चिमुकल्या राज्याचा म्हातारा राजा बंदरावर घोडा थांबवून ऐकत होता. मासे साफ करणाऱ्या कोळणी त्यानंच रचलेलं गाणं गात होत्या. शेवटच्या कडव्यात कवीनं स्वतःचं नाव गुंफायचं, ही दरबारी रीत. एकुलता एक मुलगा गेल्या वर्षी तापानं गेला, तेव्हापासून राजाची सारी भिस्त त्या नावावर होती. वंश बुडाला तरी गाण्यात आपण उरू, म्हणून तर लुडोल्फ त्याची गाणी चर्मपत्रावर उतरवत होता.

राजा तणतणत खाली उतरला. "माझ्या जागी हा कोण आणून बसवलात?"

"माझा नवरा, महाराज. वादळात गेला," एक म्हातारी म्हणाली. "ही शेजारची तिथं भावाचं नाव घेते. जिचं जे माणूस समुद्रानं नेलं, तिनं त्याचं नाव घ्यायचं. एरवी नाव काढलं की रडू फुटतं. गाण्यात घेतलं की हात चालू राहतो."

वर्षभर राजानं मुलाचं नाव उच्चारलं नव्हतं, किल्ल्यात कुणाला उच्चारूही दिलं नव्हतं. मग त्यानं शेवटचं कडवं उचललं. नावापाशी आवाज अडला. बायकांनी सुऱ्यांचा ठेका सोडला नाही.

"हेनिंग," तो गायला.

किल्ल्यावर परतल्यावर लुडोल्फनं लेखणी शाईत बुडवली. "महाराज, शेवटी नाव कुणाचं लिहू?"

"तिथं जागा मोकळी सोड."